किती, हे कुणी विचारलंच नाही

गेल्या महिन्यात शनिवार पेठेतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं यथासांग. निमंत्रण घरी आलं तेव्हा नवरा म्हणाला, "पाच मिनिटं जाऊन येऊ. माझा जन्मसुद्धा त्यांच्याकडेच झालाय." मी म्हटलं, तू जा, मी येणार नाही. "एवढं काय धरून बसायचं?" असं म्हणून तो चष्मा पुसायला लागला. आमच्या घरात कुणी चष्मा पुसायला घेतला की विषय संपला असं समजायचं असतं. मी तो संपू देणार नाही. एवढं काय, ते सांगते.

ही गोष्ट शतक संपत आलं होतं तेव्हाची. साल बदललं की जगातले सगळे संगणक गोंधळणार अशी हवा होती आणि ती हवा पुण्याला फार मानवली होती. ज्याला ज्याला इंग्रजी वाचता येत होतं तो संगणकाच्या क्लासला जात होता. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली. कॉलेजात तासांवर शिकवायचं आणि पगाराची वाट बघायची याचा कंटाळा आला, म्हणून मीही सहा महिन्यांचा क्लास केला आणि हडपसरच्या एका कंपनीत लागले. सकाळी कंपनीची बस यायची, संध्याकाळी सोडायची. दिवसभर परदेशातल्या कुठल्यातरी विमा कंपनीच्या जुन्या प्रोग्रॅममधले सालाचे दोन आकडे शोधून त्यांचे चार करायचे. काम कंटाळवाणं होतं, पण पगार वेळेवर होता आणि तो माझा होता.

घर शनिवार पेठेत, नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासरे बँकेतून निवृत्त झालेले, मितभाषी, माझ्याशीसुद्धा 'आपण' म्हणून बोलणारे. मोठे दीर नोकरीनिमित्त आठवडाभर बाहेरगावी. नवराही माझ्याच धंद्यातला, त्या वर्षी कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलेला. घर चालवायच्या त्या माझ्या जाऊबाई. त्यांना मी वहिनी म्हणते. तेव्हा त्या पस्तिशीच्या पुढे होत्या. कामाला वाघ, बोलायला सुरी. त्यांना मूल नव्हतं. 'एकदा राहिलं होतं, पण टिकलं नाही', एवढंच मला लग्नानंतर कुणीतरी कानात सांगितलं होतं आणि पुढे विचारायचं नाही हे न सांगता कळलं होतं.

तर नवऱ्याला अमेरिकेच्या विमानात बसवून जेमतेम आठवडा झाला होता, तेव्हा एका रविवारी मी स्कूटरवरून पडले. चूक माझी नव्हती, पण ते जाऊ दे. कंबरेवर आपटले आणि दुसऱ्या दिवशी वाकता येईना. सासरे मला रिक्षात घालून जवळच्या एक्स-रे सेंटरमध्ये घेऊन गेले. आत एक ऑपरेटर होता, चाळिशीचा, सभ्य. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डोक्यावरून मागे उभ्या असलेल्या सासऱ्यांकडे बघितलं आणि त्यांना विचारलं, "काका, यांचं सगळं नीट आहे ना?"

सासरे खोकले. "हो हो, सगळं नीट."

मला वाटलं, माझ्या हाडांबद्दल विचारतोय. आतल्या टेबलावर आडवी झाले, दार लागलं, तेव्हा त्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दिसला: 'गर्भवती स्त्रियांनी आधी सांगावे.' म्हणजे दार बंद होऊन दिवा मंद झाल्यावर, मशीन अंगावर आल्यावर वाचायची सूचना. आणि 'सगळं नीट' म्हणजे पाळी. माझी पाळी चुकली आहे का, हे त्या गृहस्थानं माझ्या सासऱ्यांना विचारलं होतं आणि माझ्या सासऱ्यांनी, ज्यांना बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत असण्याचं कारण नव्हतं, उत्तरही दिलं होतं. मला तोंड होतं. मी शुद्धीवर होते. पण बाईच्या पोटाबद्दलचा प्रश्न बाईला विचारायचा नाही, तो तिच्या बरोबर आलेल्या पुरुषाला आडवळणानं विचारायचा, याला आपल्याकडे शालीनता म्हणतात.

मला तेव्हा काही वाटलंही नाही, कारण पाळीची तारीख अजून उलटली नव्हती. तीन फोटो काढले, एक हलला म्हणून पुन्हा काढला. हाड मोडलं नव्हतं. झोपून राहा, शेका, असं सांगितलं.

पुढे काही दिवसांनी तारीख उलटली. मग आणखी थोडे दिवस वाट बघितली, लघवीची तपासणी केली आणि कळलं की दिवस गेले आहेत. घरात आनंद झाला. आणि आनंदाच्या पाठोपाठ भीती आली. पण कशाची? तर संगणकाची.

त्या काळात ही एक टूमच निघाली होती. संगणकाच्या पडद्यातून रेडिएशन येतं आणि पोटातल्या बाळाला इजा करतं, हे बसमध्ये, भाजीवाल्याकडे, हळदीकुंकवाला, जिथे तिथे ऐकू यायचं. आमच्या कंपनीतल्या एका मुलीला तिच्या सासूनं चौथ्या महिन्यात नोकरी सोडायला लावली होती. दुसरी ओटीपोटावर जाड टर्किश टॉवेल घेऊन बसायची. पडद्यासमोर लावायची काळी काच लक्ष्मी रोडला मिळायची, ती सासऱ्यांनी आणली. शिवाय निवडुंग रेडिएशन शोषून घेतो असं त्यांना सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांनी सांगितलं, म्हणून निवडुंगाची एक छोटी कुंडीही आणली. "आपण ही ऑफिसात टेबलावर ठेवा," ते म्हणाले. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेली मी, आणि मी निवडुंग मांडीवर घेऊन बसनं हडपसरला गेले. भांडायचं नव्हतं, आणि म्हाताऱ्या माणसानं प्रेमानं आणलं होतं. टेबलावर तो छान दिसायचा. रेडिएशनशी त्याचा संबंध आमच्या ऑफिसातल्या झुरळाइतकाच होता.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. माझा एम.एस्सी.चा प्रबंधच किरणांवर होता. दोन वर्षं मी कांद्याची मुळं बघितली. कांदे पाण्याच्या ग्लासवर ठेवून त्यांना मुळं फुटू द्यायची, त्यांना कमी-जास्त डोस देऊन आणायचा, मग मुळांची टोकं कापून, रंगवून, काचेखाली अंगठ्यानं दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. मुळाच्या टोकाशी पेशी सारख्या विभागत असतात. विभागताना गुणसूत्रं दोन्ही बाजूंना सरकतात, अगदी शिस्तीत. किरण लागलेल्या मुळात ती शिस्त मोडलेली दिसते. एखादं गुणसूत्र मध्येच ताणलं गेलेलं, एक टोक इकडे ओढलं जातंय, दुसरं तिकडे. त्याचा तुटलेला तुकडा मागे राहिलेला, कुणाच्याच वाट्याला न आलेला. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढून घेतला होता. कांद्याचं होतं तरी.

असं का होतं, तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. क्ष-किरण पेशीतून जाताना वाटेत इलेक्ट्रॉन उडवतो. तो कधी सरळ डीएनएवर आदळतो. पण पेशीत पाणीच फार, म्हणून बहुतेक वेळा पाण्याचे रेणू फुटतात आणि त्यांचे तापट तुकडे डीएनएला जाऊन डसतात. डीएनएला दोन पदर असतात. एक तुटला तर पेशी समोरच्या पदरावरून बघून तो भरून काढते. ही डागडुजी आपल्या प्रत्येक पेशीत रोज चालू असते, एक्स-रे काढा की काढू नका. दोन्ही पदर एकाच ठिकाणी तुटले की पंचाईत होते. टोकं जुळवताना चूक होऊ शकते, एका गुणसूत्राचं टोक भलत्याच गुणसूत्राला चिकटतं, आणि मग पेशी विभागताना ते दोन्हीकडून ओढलं जातं. अशी पेशी बहुधा मरते. कधी मरत नाही आणि चूक पुढे नेते. पोटातला गर्भ म्हणजे सतत विभागणाऱ्या पेशीच, म्हणून त्याला जपायचं. भीती खोटी नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

पण पडद्यातून येणाऱ्या उजेडात पदर तोडायची ताकदच नसते. आणि क्ष-किरणात ती असली तरी किती पदर तुटणार, ते किती किरण पडले यावर ठरतं. आमच्या प्रबंधाच्या गाइड बाई प्रयोगशाळेत कुणीही काहीही दाखवायला नेलं की आधी एकच प्रश्न विचारायच्या: "डोस किती?" त्याचं उत्तर नसेल तर त्या स्लाइडकडे बघायच्याही नाहीत. या विद्येतला हा पहिला प्रश्न. पुढचे पंधरा दिवस मी शनिवार पेठेत हा प्रश्न शोधत फिरत होते.

एक्स-रेची आठवण वहिनींना झाली. मी गच्चीवरून कपडे घेऊन आले, तर त्या दारातच उभ्या. चेहरा पांढराफटक. "अगं, तुझा एक्स-रे! कंबरेचा!"

मी तारखा मोजल्या होत्या. मलाही ते आठवलं होतं, पण मी स्वतःशीच ठेवलं होतं, कारण मला माहीत होतं की असल्या एक्स-रेनं घाबरण्यासारखं सहसा काही होत नाही. शिवाय एवढ्या सुरुवातीच्या दिवसांत गर्भाला मोठी इजा झालीच तर तो टिकतच नाही, आणि टिकला तर सहसा धडधाकट टिकतो, हेही वाचलेलं होतं. मी वहिनींना हे सांगायला लागले. त्यांनी ऐकलं नाही. हातातले कपडे काढून घेतले, मला पायात चप्पल घालायला लावली आणि डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

हे ते डॉक्टर. सत्काराचे. तेव्हा त्यांचं प्रसूतिगृह जोरात चालू होतं. पेठेतल्या निम्म्या लोकांना त्यांनी जगात आणलेलं, म्हणून कुणी त्यांच्यापुढे ब्र काढत नसे. त्यांनी दोन मिनिटांत सगळं ऐकलं आणि पेनाचं टोपण लावत म्हणाले, "एक्स-रे झालाय? मग ठेवायचं नाही. रिस्क कशाला घ्यायची? परवा या, उपाशीपोटी. अर्ध्या तासाचं काम आहे."

मी विचारलं, "डॉक्टर, पण डोस किती असेल साधारण?"

"कसला डोस?"

"किरणांचा. गर्भाला किती पोचला असेल? मी एम.एस्सी.ला किरणांवरच काम केलंय."

"कशावर?"

"कांद्याच्या मुळांवर."

डॉक्टर हसले. वाईट नाही, कौतुकानं हसले, ते आणखी वाईट. "अहो बाई, आपण इथे कांदे नाही पिकवत. किरणं म्हणजे किरणं. उद्या मूल वेडंवाकडं झालं तर सांभाळणार कोण? तुमचं वय आहे, पुन्हा होईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला राग त्यांना माहीत नव्हतं याचा आला नाही. सगळ्यांना सगळं कुठून माहीत असणार? राग आला तो याचा की माहीत नाही हे त्यांना खुपतच नव्हतं. फोन उचलून कुणाला विचारावं, पुस्तक उघडावं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. औषध देताना हाच माणूस अर्धी गोळी की पाव गोळी याचा विचार करायचा. तापाचं पातळ औषधसुद्धा वजन बघून द्यायचा. आणि इथे किती ते न विचारता एक गर्भ काढून टाकायला निघाला होता, आणि त्याला खबरदारी म्हणत होता. ही खबरदारी कुणाची? मूल जन्मून त्याला काही झालं असतं, तर लोक डॉक्टरांकडे बोट दाखवणार होते. न जन्मलेलं मूल कुणाकडे बोट दाखवतं?

जिना उतरताना वहिनी म्हणाल्या, "परवाचं ठरवून टाक. लवकर उरकलेलं बरं असतं. जितके दिवस जातात तितका जीव गुंततो."

मी म्हटलं, "वहिनी, मी काहीही उरकणार नाही."

"तुझ्या शिक्षणाचा तोरा तुझ्याजवळ ठेव," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना कळतं."

त्यानंतर त्यांनी जणू चंगच बांधला. सासऱ्यांना सांगितलं. दिरांना फोन केला. खडकीला माझ्या आईला फोन केला, आई रडायला लागली. ओळखीपाळखीतली वेडंवाकडं झालेली मुलं त्यांनी शोधून शोधून मला सांगितली, आणि त्यातल्या एकाच्याही आईचा एक्स-रे झालेला नव्हता हे मी म्हटलं की म्हणायच्या, "तुला काय माहीत?" एरवी घरातल्या कुणाच्याही भानगडीत न पडणारी ही बाई माझ्या पोटामागे का लागली आहे, मला कळेना. मला वाटलं, मत्सर. स्पष्टच सांगते, मला तसं वाटलं.

नवऱ्याचा फोन आठवड्यातून एकदा यायचा. तिकडून बोलायचे पैसे फार पडायचे, म्हणून तो भरभर बोलायचा. "डॉक्टर म्हणतात तसं कर. एवढे अनुभवी आहेत ते. आपल्याला काय घाई आहे मुलाची?" मी म्हटलं, "तुझ्या प्रोग्रॅममध्ये बग आहे असं तुझा साहेब म्हणाला, तर न बघता अख्खा प्रोग्रॅम पुसून टाकशील का?" तो म्हणाला, "हे वेगळं आहे." वेगळं होतंच. प्रोग्रॅमची तो काळजी घेत होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी एकटी त्या एक्स-रे सेंटरला गेले. त्या ऑपरेटरला म्हटलं, माझ्या वेळी मशीनवर काय काय लावलं होतं ते सांगा. व्होल्टेज किती, वेळ किती, किती फिल्म, किती अंतरावरून. तो गडबडला. "असं कुणी विचारत नाही हो ताई." मी म्हटलं, तेच तर. मालक आतून म्हणाले, "रिपोर्ट दिलाय ना? मग झालं." मी खुर्चीवर बसून राहिले. तिथे सकाळची गर्दी होती आणि माझा आवाज बारीक नाही. थोड्या वेळानं मालकच म्हणाले, "सांगून टाक रे बाबा यांना." ऑपरेटरनं सगळे आकडे तोंडपाठ सांगितले, मशीन त्याच्या हातातलंच होतं. मी निघताना हळूच म्हणाला, "ताई, मी विचारलं होतं हो काकांना." मी म्हटलं, "पुढच्या वेळी बाईला विचारा. बाईला माहीत असतं."

आमच्या प्रबंधाच्या बाईंनी मला कर्करोगाच्या एका रुग्णालयातल्या तज्ज्ञ बाईंचं नाव दिलं. रुग्णांना किरणांचा डोस किती द्यायचा याचा हिशोब त्या करायच्या. शहरात अशी माणसं होती, एका फोनवर होती, हे लक्षात घ्या. मी निघाले तेव्हा सासरे चप्पल घालून दारात आले. "मी येतो आपल्याबरोबर," म्हणाले. रिक्षात ते बाहेर बघत होते. मग म्हणाले, "मीच त्याला नीट म्हणालो होतो." मला तेव्हा त्यांची दया आली, आणि ज्यांच्यावर रागवायचं त्यांच्यावरचा राग आणखी वाढला.

त्या बाईंनी आकडे मांडले, एक तक्ता काढला, थोडी आकडेमोड केली. मग खुर्ची माझ्याकडे वळवली. माझ्याकडे, सासऱ्यांकडे नाही. "दगडमातीतून, आकाशातून आपल्या सगळ्यांच्या अंगावर किरण पडतच असतात," त्या म्हणाल्या. "तसे दोन-तीन वर्षांत पडतात, साधारण तेवढे या फोटोंमधून गर्भाला पोचले. ज्या डोसला गर्भात व्यंग दिसायला लागतं तो याच्या कितीतरी पट वर आहे. धोका अगदी शून्य, असं मी म्हणणार नाही, कारण शून्य काहीच नसतं. पण यासाठी गर्भ काढायचा म्हणाल, तर मी तुमच्या आडवी येईन."

सासऱ्यांनी विचारलं, "आपण नक्की सांगता?"

"मी मोजून सांगते," त्या म्हणाल्या.

मला तिथे रडू आलं. रडताना मला रागही येत होता, कारण एवढ्या साध्या गोष्टीसाठी पंधरा दिवस माझी झोप उडाली होती, आणि माझ्या जागी न भांडणारी, न शिकलेली, नवऱ्याच्या मुठीतली कुणी असती तर ती त्या परवाला उपाशीपोटी गेली असती. किती गेल्या असतील, कुणाला माहीत.

घरी आलो तेव्हा दुपार होती. सासऱ्यांनी चपला काढता काढताच मोठ्यानं सांगितलं, त्यांना शोभणार नाही इतक्या मोठ्यानं: "काही नाहीये! मोजून सांगितलं त्यांनी. मूल ठेवायचं." आणि आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

वहिनी स्वयंपाकघरात ओट्याजवळ पाटावर बसून मेथी निवडत होत्या. मी समोर जाऊन बसले. मला जिंकल्यासारखं वाटत होतं आणि त्यांनी काहीतरी बोलावं असंही वाटत होतं, म्हणजे मला उत्तर देता आलं असतं. त्यांनी पुढची जुडी सोडली. मीही एक जुडी ओढली. आम्ही दोघी पानं खुडत होतो.

मग त्या खाली बघतच म्हणाल्या, "अगं, दाताच्या एक्स-रेत किती पडतात?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "काय किती?"

"किरण. पोटात किती जातात? दाताचा काढला तर?"

त्या घरात, त्या पेठेत, इतक्या दिवसांत 'किती' हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. मी वर बघितलं. त्या अजून पानंच खुडत होत्या, पण देठ टोपलीत आणि पानं कचऱ्यात टाकत होत्या.

"माझी अक्कलदाढ दुखत होती," त्या म्हणाल्या. "लग्नाला वर्ष झालं होतं. ती फिल्म तोंडात धरायला लावतात ना, आपल्याच बोटानं, तशी धरली होती. मग कळलं की राहिलंय. सासूबाईंनी नेलं डॉक्टरांकडे. ते म्हणाले, ठेवायचं नाही. म्हणाले, वय आहे, पुन्हा होईल." त्यांनी मेथीची एक काडी हातात घेतली. "नंतर ताप आला. महिनाभर. नळ्या बंद झाल्या म्हणतात. सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं, टिकलं नाही म्हणून. मीही तेच म्हणायला लागले."

मला खोटं सांगावंसं वाटलं. थोडे जातात हो वहिनी, तेव्हाची मशीनं वेगळी होती, काही सांगता येत नाही, असं काहीतरी. त्यांनी इतके दिवस माझ्यामागे का लकडा लावला होता ते मला आत्ता कळत होतं. एक्स-रे वाईटच असायला हवा होता. माझाही, त्यांचाही. तो वाईट नसेल तर त्यांच्याकडे काय उरत होतं? पण त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि आयुष्यात एकदाच विचारलेल्या त्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं असतं तर त्या डॉक्टरांत आणि माझ्यात फरक राहिला नसता.

"दातापासून पोटापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही, वहिनी," मी म्हटलं. "मोजायलाही सापडणार नाही इतकं."

त्यांनी मान हलवली, भाजीवाल्यानं भाव सांगितल्यावर हलवावी तशी. हातातली काडी खाली ठेवली. पदराला हात पुसले.

"म्हणजे ते नीट होतं," त्या म्हणाल्या.